लांबच्या बांधावरची बिळं

मी जन्मजात भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मोहोपाड्याला रसायनांच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. रोज भोंगा वाजला की तो पाळीचा आहे की धोक्याचा, हे कळेपर्यंत माझा हात बाटलीवर तसाच थांबायचा. बरोबरचे लोक हसायचे. पण माझ्या टेबलावर एकतीस वर्षांत काही सांडलं नाही की फुटलं नाही. भीतीचा मला झालेला फायदा एवढाच.

निवृत्त झालो आणि पोशीरला राहायला आलो. बायकोच्या माहेरची सव्वा एकर भातशेती तिच्या वाट्याला आली होती. पहिल्या वर्षी पीक बरं आलं. दुसऱ्या वर्षी दाणा भरायला लागला आणि उंदरांनी खालचा तुकडा असा कापला की वाटावं, विळे घेऊनच उतरलेत. शेजारचा शेतकरी भला माणूस. तो काळपट भुकटीची एक पुडी घेऊन आला. उघडली तर लसणासारखा वास. गावात सगळे तिला औषध म्हणतात. कण्यांत कालवायची, बिळात सारायची, संपलं.

मी त्या भुकटीला नावानिशी ओळखत होतो. पोटात गेली की तिचा वायू होतो, आणि तो झाला की डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही, हे मी वाचलेलं होतं. "आमच्या शेतात हे येणार नाही," मी मोठ्या बाणेदारपणे सांगितलं. शेजारी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पंपाच्या खोलीत ठेवतो. लागली तं घ्या." बायको म्हणाली, "मंग काय, उंदरांना हात जोडणार हाव का?"

हात जोडण्याऐवजी मी पुस्तक शोधलं. घाबरट माणूस आधी पुस्तकाकडे धावतो. कर्जतच्या रद्दीवाल्याकडे एक जुनं पुस्तक मिळालं, मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानंही गेलेली. शेताला त्रास देणारी जनावरं आणि ती धरण्याच्या रीती, असा एकूण विषय. बांबूच्या नळीचा फासा, दगड पडणारा सापळा, कोल्ह्याची आणि उदमांजराची कातडी कशी ताणून वाळवावी, सगळं चित्रांसकट. कातड्यांचं प्रकरण मी नुसतं वाचलं. आज ते करायला गेलं तर माणूस गजाआड जाईल, आणि ते बरोबरच आहे. उंदरांचं प्रकरण मात्र तोंडपाठ केलं. त्यात धूर कसा करावा यावर दोन पानं होती आणि शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, बिळात हात घालून उंदीर काढावा असं लिहिलं होतं. लेखकाने स्वतः हात घातला असेल यावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही.

बायको म्हणाली, पुस्तक कशाला, माणसं हायेत की. डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी आहे. तिथलं एक म्हातारं जोडपं तिच्या वडिलांच्या वेळेपासून या शेतावर उंदीर धरायला यायचं. मधे बरीच वर्षं आलं नव्हतं, कारण सगळ्यांनीच औषध टाकायला सुरुवात केली होती. तिने निरोप धाडला आणि दसऱ्यानंतर दोघं आली. म्हातारा सत्तरीचा, एका गुडघ्याने अधू. म्हातारी काटक, हाताला एकेक बोट जरा जास्तच लांब. दोघंही सगळ्यांना "तू" म्हणत, तहसीलदार आला असता तर त्यालाही म्हणाली असती.

व्यवहार ठरलेला होता. धरलेले उंदीर त्यांचे, बिळात उंदराने साठवलेल्या लोंब्या त्यांच्या, आणि खणलेला बांध ते पुन्हा पहिल्यासारखा बांधून देणार. उंदीर ते खायचे. मला शिकायचंय म्हटल्यावर म्हातारा हसला. "कंपनीवाला मानूस तू. तुला कशाला रं बिळं?" पण त्याने शिकवलं.

मी वही घेऊन गेलो. प्रयोगशाळेतली सवय: क्रमांक, तारीख, निरीक्षण. म्हाताऱ्याने बांधावरून नुसतं चालत दाखवलं. उंदीर दिवसा घरात असला की आतून ओली माती लोटून तोंड बंद करतो. तोंड ताज्या मातीने लिंपलेलं दिसलं की मालक घरी. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर घर रिकामं. आणि तोंड उघडं, गुळगुळीत, बाहेर मातीचा कण नाही, तर तिथे थांबायचं नाही. "दार लावल्यालं घर उंदराचं," तो म्हणाला. "उघडं घर कोनाचंबी आसतं." कोणाचंही म्हणजे कोणाचं, हे विचारायची मला गरज पडली नाही. मी तीन पावलं मागे सरकलो होतो.

मग सगळी तोंडं चिखलाने बुजवायची, एक ठेवायचं. बुडाला भोक पाडलेलं मडकं, त्यात पेंढा, निखारा आणि वर ओला पाला. मडक्याचं तोंड बिळाला लावायचं आणि बुडाच्या भोकातून फुंकायचं. म्हातारा फुंकायचा तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा टरारून यायच्या. धूर आत गेला की उंदीर गुंगतो. मग म्हातारी पहारीने थोडं खणायची, पालथी पडायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालायची. तिचा चेहरा त्या वेळी मातीला टेकलेला असे आणि डोळे मिटलेले. हात बाहेर यायचा तेव्हा त्यात उंदीर असायचा, मान मोडलेला.

मी फुंकायला शिकलो. तोंडं ओळखायला शिकलो. बांबूच्या नळीचा फासा तर पुस्तक आणि म्हातारा दोघांकडून मिळून असा जमला की म्हाताऱ्याने तो वाडीत नेऊन दाखवला. पण हात घालायची वेळ आली की माझ्या तोंडचं पाणी पळे. एकदा म्हातारीने माझं मनगट धरून हात आत नेला. बोटांना काहीतरी ऊबदार, मऊ लागलं. लव होती, आणि तिच्या खाली धडधड. मी असा ओरडलो की शेजारच्या शेतातून माणसं उठून उभी राहिली. म्हातारी पोट धरून हसली. "उंदीरच तुला भ्याला आसंल," म्हणाली. मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ऊब होती म्हणून मी ओरडलो होतो, आणि मी विचार करत होतो, पुढच्या वेळी गार लागलं तर?

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी म्हातारा मला विचारायचा, "दादा, औषध तं नाय ना टाकलं?" मी नाही म्हणायचो. मग तो शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन त्यालाही विचारून यायचा. औषधाचा उंदीर खाऊन माणसं गेली आहेत, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एवढं सांगूनही हा प्रश्न मी वहीत लिहिला नाही. धूर लिहिला, पाल्याचा प्रकार लिहिला, मडक्याच्या भोकाचं माप लिहिलं. प्रश्न मला चहापाण्याच्या चौकशीसारखा वाटला.

दिवाळीच्या आसपास म्हाताऱ्याचा गुडघा सुजला. "दोन दीस येत नाय. लांबचा बांध तू कर," तो म्हणाला. "सात तोंडं हायेत. सगली लावल्याली हायेत, भ्याचं कारन नाय." भ्याचं कारण नाही, हे वाक्य ऐकून आजवर ज्याची भीती गेली असेल, असा माणूस मला भेटायचाय.

दुपारी गेलो. तोंडं बुजवली, मडकं लावलं, नीट फुंकलं. खणलं. पालथा पडलो. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटाला गार लागलं. मूळ असेल, ओली माती असेल. मी हात काढला तो कोपर खरचटूनच. बांधावर बसलो आणि दात वाजत होते ते ऐकत राहिलो, भर दुपारी. पुन्हा पालथा पडलो. पुन्हा उठलो. तिसऱ्या वेळी तर हात बिळाच्या तोंडाशीच थांबला, पुढे जाईना. मला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, एका उंदराच्या बिळापाशी रडत होता. आणि सगळ्यात मोठी भीती सापाची नव्हतीच. परवा म्हातारा येणार, विचारणार, आणि म्हातारी पोट धरून हसणार, ही होती.

पंपाच्या खोलीत पुडी होती.

मी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. कण्या, तेल, भुकटी. बाटली, चमचा आणि मोजमाप असलं की मी शूर. संध्याकाळी बुजवलेली सातही तोंडं पुन्हा उकरून आत गोळ्या सारल्या. मग भीती वाटली की एखादं कुत्रं किंवा पाखरू खाईल. म्हणून ओला चिखल घेऊन सातही तोंडं छान लिंपून टाकली. घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले. बायकोला सांगितलं, झालं काम. ती म्हणाली, "हात घातला?" मी म्हटलं, "घातला."

दोन दिवस म्हणालेला म्हातारा दुसऱ्याच दिवशी सकाळी लंगडत हजर. बरोबर म्हातारी. त्यांची नात बाळंतपणाला वाडीत आली होती, तिला मुलगी होऊन अकरा दिवस झाले होते. बाळंतिणीला रस्सा हवा म्हणून म्हातारी घाईत होती.

"दादा, औषध तं नाय ना टाकलं?"

"नाही हो. कसलं औषध."

"लांबचा बांध?"

"धूर केला. दोन निघाले. कुत्र्यांनी पळवले."

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. म्हातारीकडे वळून म्हणाला, "बग, दादा शिकला." तिने माझ्या कोपरावरचं खरचटलेलं पाहिलं आणि मान डोलावली. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणायला आवडेल, पण तसं काही नव्हतं. जीभ चांगली चालत होती. मी त्यांना चहा घेता का विचारलं.

जवळच्या बांधावर त्यांना एकच उंदीर मिळाला. नऊच्या सुमाराला मी घरी न्याहारीला आलो. मनात म्हटलं, लांबचा बांध झालाय असं त्यांना वाटतंय, तिकडे कोण कशाला जाईल. दोन दिवसांनी मी स्वतः जाऊन मेलेले उंदीर पुरून टाकीन. कोणाला काही कळणार नाही.

साडेअकराला सहज म्हणून लांबच्या बांधावर गेलो. बांध खणलेला होता, आणि पुन्हा बांधून काढलेला होता. चिखल अजून ओला होता. त्यावर एका हाताचे ठसे होते, बोटं लांब.

कुठे चूक झाली ते मला तिथेच कळलं. सात तोंडं, ताज्या मातीने लिंपलेली. वाडीच्या वाटेने परतणाऱ्या म्हातारीला दिसलं असणार की मालक घरी आहेत. मीच सात दारं लावून ठेवली होती.

मी पळालो असं मला आठवतं. बायको म्हणते, मी रांगतच अंगणात आलो. "स्कूटर काढ, वाडीवर," एवढंच बोललो. अर्ध्या वाटेवर मागून तिच्या कानात सगळं सांगितलं. तिने स्कूटर थांबवली. वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता मला इथेच उतरवणार. तिने पुन्हा गाडी सुरू केली आणि त्या दगडांच्या रस्त्यावरून अशी हाकली की मी तिच्या खांद्यांना नखं रुतवली. देवाचं नाव घेण्याची मला सवय नाही. त्या वाटेवर मी ते घेत होतो आणि मधेमधे हिशेब करत होतो: खणलं नऊनंतर, वाडीला पोचायला अर्धा तास, सोलायला, शिजायला.

झोपडीच्या दारात म्हातारा ताट घेऊन बसला होता, रिकामं. बाळंतीण आधी जेवते, मग बाकीचे. आत ती पोर मांडीवर बाळ घेऊन जेवत होती. ताटातला भात निम्मा संपला होता.

"खाऊ नका!" मी ओरडलो. "औषध आहे! मी टाकलंय!"

कोणी ओरडलं नाही. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हातारीने पोरीच्या हातातलं ताट काढून घेतलं. मग तिने मला उद्देशून नाही, स्वतःशीच म्हटलं, "उंदीर निजल्यावानी व्हते. वाटलं, दादाचा कालचा धूर उतरला नाय." पोरीने बाळाला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. म्हातारीने चुलीवरचं भांडं उचललं, मागे नेलं, आणि म्हाताऱ्याने दुखऱ्या गुडघ्यावर बसून खड्डा खणायला घेतला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून चांगला खोल.

गावातला भाजीचा टेंपो मिळाला. त्यात बाळंतीण, बाळ, म्हातारा, म्हातारी, बायको आणि मी. कर्जतच्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहत होतो. ओठ सुकले की मला वाटे, सुरू झालं. तिने जांभई दिली तर वाटे, सुरू झालं. बाळ रडायला लागलं आणि तिने पदर सावरला, तेव्हा मी "नको, पाजू नको" असं म्हटलं आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, काय खाल्लं? म्हातारा पुढे झाला. "म्हाईत नाय. कुनाच्या तरी शेतातलं उंदीर." मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला पोलीस नको होते. औषध, पोलीस, शेतमालक, कातकरी, या गोष्टी एकत्र आल्या की शेवटी आत कोण जातं, हे त्याला आयुष्यभरात कळलेलं होतं. आणि कदाचित, कदाचित मलाही तो वाचवत होता. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मी दोन-तीन श्वास गप्प बसलोही. हे लिहायला लाज वाटते, पण बसलो.

मग मी सांगितलं. औषधाचं नाव सांगितलं, किती कालवलं ते सांगितलं, किती वाजता सारलं ते सांगितलं. म्हातारीने आतडी काढून टाकली होती का, तेही तिला विचारून सांगितलं, टाकली होती. डॉक्टर बाई लिहीत होत्या. "यावर उतारा नाही," त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवायचं, बस." मला ते माहीत होतं. पोलीस चौकीतला एक हवालदार येऊन माझा जबाब घेऊन गेला. एरवी खाकी रंग दिसला तरी मी रस्ता बदलतो. त्या दिवशी मला तो माणूस दिसलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. नर्स दर थोड्या वेळाने नाडी बघून जायची आणि दरवेळी दार वाजलं की मी तिच्या तोंडाकडे बघायचो. संध्याकाळपर्यंत बाळाला पाजायचं नव्हतं. ते रडून रडून निळं झालं. शेवटी आत पोरीच्या शेजारच्या खाटेवरची एक बाई उठली, तिचंही तान्हं होतं. तिने काही न विचारता बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं. माझ्या बायकोला तिथे रडू फुटलं.

पाचच्या पुढे डॉक्टर बाई बाहेर आल्या. पोटात कमी गेलंय, लक्षणं नाहीत, तरी उद्यापर्यंत ठेवू, म्हणाल्या. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. तो माझ्याशी वाडी सोडल्यापासून एक शब्द बोलला नव्हता आणि बोलू नये असंच मला वाटत होतं.

म्हातारी आतून आली. माझ्याजवळ, बाकावर नाही, खाली जमिनीवर बसली. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असणार, पैसे देतो असंही काहीतरी बोललो असणार. तिने ते ऐकलं नाही. ती माझ्या कोपरावरच्या खरचटलेल्या जागेकडे पाहत होती.

"घातला व्हतास ना हात?"

"घातला. पुढे गेला नाही. भीती वाटली."

ती म्हणाली, "भ्यालास तं सांगायचं ना रं. हात मी घातला आसता."